ध्येयवेडा निर्माता : दादासाहेब फाळके

आपल्या शाळेच्या हीरकमहोत्सवी स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहावे, असे संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा माझ्यासमोर अनेक नावे आली. त्याच सुमारास एक पालक मला भेटायला आले होते. त्यांचा मुलगा आपलाच माजी विद्यार्थी. दहावीनंतर तो एका अभ्यासक्रमाला गेला, तो सोडून दुसऱ्याला, तेथून बाहेर पडून छायाचित्रणाच्या वर्गाला. वडील खचले होते. एक ना धड, भाराभर चिंध्या, अशी मुलाची संभावना त्यांनी केली आणि शाळेने त्याला चार शब्द सांगावेत अशी विनंती केली. ते गेल्यावर मला दादासाहेब फाळके आठवले. आपण गुजरातेत राहणारी मराठी माणसे. ज्या गृहस्थाला सारा देश भारतीय चित्रपटाचा जनक म्हणतो, त्याची उमेदीची आणि अपयशाची वर्षे आपल्याच परिसरात, बडोद्यात आणि गोध्र्यात गेली, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. म्हणून हे चरित्र.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील गोविंद सदाशिव फाळके हे दाजीशास्त्री या नावाने ओळखले जात. ते संस्कृतचे व्युत्पन्न पंडित होते. आई द्वारकाबाई. घरात पूजाअर्चा, पुराणे, कीर्तन यांचे वातावरण होते. रामकृष्णांच्या आणि हरिश्चंद्राच्या कथा या मुलाने पुस्तकात वाचण्याआधी कानांनी ऐकल्या होत्या. पुढे दाजीशास्त्र्यांची मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात संस्कृतच्या अध्यापनासाठी नेमणूक झाली आणि कुटुंब मुंबईस आले. मुलाने वडिलांचा वारसा चालवून शास्त्री व्हावे अशी अपेक्षा कोणीही केली असती. पण धुंडिराजाचे चित्त चित्रकलेत, नाटकात आणि जादूच्या खेळांत रमे. वडिलांनी हा कल ओळखला व १८८५ साली त्याला सर ज. जी. कलाशाळेत घातले. त्या काळातील एका शास्त्र्याने घेतलेला हा निर्णय किरकोळ नव्हता.

कलाशाळेतील शिक्षणानंतर ते आपल्या थोरल्या बंधूंबरोबर बडोद्यास आले. येथेच त्यांचा पहिला विवाह झाला. १८९० साली महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांनी कलाभवन ही संस्था उभी केली. आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा जो तंत्रज्ञान विभाग आहे, त्याचे मूळ या कलाभवनात आहे. कारागिरी आणि विज्ञान यांची सांगड घालणारी अशी संस्था त्या काळी विरळाच होती. फाळके येथे तैलचित्रे व जलरंग शिकले, मूर्तिकाम शिकले, वास्तुरचनेची तोंडओळख करून घेतली. हाती कॅमेरा आल्यावर छायाचित्रण, तसेच छपाईसाठी लागणारे ठसे तयार करण्याची विद्या त्यांनी आत्मसात केली. अहमदाबाद येथे १८९२ साली भरलेल्या औद्योगिक प्रदर्शनात आदर्श नाट्यगृहाच्या त्यांच्या प्रतिकृतीला सुवर्णपदक मिळाले. प्रा. गज्जरांनी या विद्यार्थ्याची जिज्ञासा हेरून त्याला कलाभवनाची प्रयोगशाळा आणि छायाचित्रणाची खोली वापरावयास दिली. शिक्षकाने विद्यार्थ्याला देण्यासारखी याहून मोठी देणगी मला माहीत नाही.

परंतु पदकाने पोट भरत नाही. संसार सुरू झाला होता आणि उत्पन्नाचा भरवसा नव्हता. तेव्हा १८९५ च्या सुमारास फाळके गोध्र्यास गेले व तेथे त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय मांडला. तेथेच नियतीने मोठा घाव घातला. १९०० च्या प्लेगमध्ये त्यांची पत्नी आणि मूल दोघेही दगावले. तीस वर्षांचा हा तरुण सर्वस्व गमावून बडोद्यास परतला. पुन्हा छायाचित्रांचे दुकान थाटले, तर कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो आणि आयुष्य घटवतो अशी समजूत लोकांत पसरली होती. गिऱ्हाईक फिरकेना. मग नाटक कंपन्यांचे पडदे रंगविले. बडोद्यात दौऱ्यावर आलेल्या एका जर्मन जादूगाराकडून हातचलाखीचे खेळ शिकून घेतले आणि आपल्या आडनावातील अक्षरे उलटवून ‘प्रोफेसर केल्फा’ या नावाने जादूचे प्रयोग केले.

१९०२ साली त्यांचा दुसरा विवाह झाला. माहेरच्या गिरिजा करंदीकर सासरी सरस्वतीबाई झाल्या. किर्लोस्कर नाटक मंडळीच्या चालकांशी त्यांचे नाते होते. त्यामुळे कलावंतांच्या घरातील ओढाताण त्यांना अगदीच अपरिचित नव्हती. तथापि पुढे काय वाढून ठेवले आहे याची कल्पना त्यांना तरी कोठून असणार? या चरित्रात त्यांचे नाव वारंवार येईल, कारण ते टाळून हे चरित्र सांगताच येत नाही.

१९०३ मध्ये फाळक्यांना सरकारच्या पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून नोकरी मिळाली. प्रथमच महिन्याच्या महिन्याला पगार येऊ लागला. पण ही स्थिरता त्यांना मानवली नाही. वंगभंगानंतर देशभर स्वदेशीचे वारे वाहत होते. १९०६ साली त्यांनी सरकारी नोकरीचा राजीनामा दिला आणि लोणावळ्यास छपाईचा व ठसे तयार करण्याचा कारखाना काढला. राजा रविवर्मा यांच्या छापखान्यासाठी ते काम करू लागले. रविवर्म्यांची देवदेवतांची चित्रे तेव्हा घरोघरी पोहोचत होती. देवघरातील देव छापील कागदावर कसा उतरतो आणि सामान्य माणूस त्या कागदापुढे कसा हात जोडतो, हे फाळक्यांनी तेथे जवळून पाहिले. व्यवसाय वाढला, मुंबईत दादरला आला, नवा भागीदार मिळाला. रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी १९०९ साली ते जर्मनीस जाऊन आले. कारखान्याचे नाव झाले, उत्पन्नही होऊ लागले. आणि नेमक्या याच वेळी भागीदारांशी मतभेद होऊन ते रिकाम्या हातांनी बाहेर पडले. पैसा दुसऱ्याचा आणि कसब आपले, अशा व्यवहारात अखेरचा शब्द कोणाचा चालतो, याचा पहिला धडा त्यांना येथे मिळाला.

वयाची चाळिशी ओलांडली होती. घरी पत्नी आणि लहान मुले. हाती उद्योग नाही. अशा मनःस्थितीत १९११ च्या सुमारास मुंबईच्या गिरगावातील एका तंबूवजा चित्रगृहात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्ताच्या लीला चालू असताना त्यांच्या मनःचक्षूंपुढे राम, कृष्ण, गोकुळ आणि अयोध्या उभी राहिली. आपले देव अशा रीतीने आपल्या लोकांना केव्हा पाहायला मिळतील, या विचाराने त्यांना झपाटले. पुढच्या खेळाला ते सरस्वतीबाईंना घेऊन गेले, त्यांना चित्रे कशी हलतात ते समजावून सांगितले आणि आपण हा उद्योग करणार असल्याचे तिथेच सांगून टाकले.

त्यानंतरचे महिने वेडाचेच होते. मिळतील ती पुस्तके, यंत्रांच्या सूचिपत्रिका आणि फिल्मचे तुकडे जमवायचे, रात्री चित्रपट पाहायचे आणि दिवसा खोलीत प्रयोग करायचे. झोप उडाली. डोळ्यांवर इतका ताण पडला की काही काळ दृष्टी गेली. उपचारांनी ती परत आली, तेव्हा पुन्हा तेच काम सुरू. आप्तेष्टांनी त्यांना वेड्यात काढले. आता प्रश्न भांडवलाचा होता. वित्तपुरवठादार ओळखीचे होते, पण पडद्यावरच्या सावल्यांवर पैसा लावायला कोण तयार होणार? तेव्हा फाळक्यांनी एक साधा प्रयोग केला. कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला आणि दररोज त्याचे एकेक चित्र टिपले. महिन्याभराने ती चित्रे एकापाठोपाठ एक पडद्यावर दाखविली, तेव्हा दाण्याला फुटलेला कोंब पाहता पाहता वर चढू लागला. ‘अंकुराची वाढ’ नावाचा हा इवलासा चित्रपट पाहून छायाचित्रणाच्या साहित्याचे व्यापारी यशवंतराव नाडकर्णी यांनी पैसे देऊ केले. तारण म्हणून फाळक्यांनी स्वतःच्या विम्याची कागदपत्रे गहाण टाकली. सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने पुढे केले.

फेब्रुवारी १९१२ मध्ये फाळके विलायतेस गेले. तेथे ओळखीचे कोणी नव्हते. ‘बायोस्कोप’ या साप्ताहिकाच्या कचेरीत ते थेट संपादकांकडेच गेले. संपादकांनी आधी त्यांना या फंदात न पडण्याचा सल्ला दिला. पण या माणसाचा निर्धार पाहून त्यांनीच सेसिल हेपवर्थ या नामांकित इंग्रज निर्मात्याकडे त्यांची शिफारस केली. हेपवर्थ यांनी वॉल्टन येथील आपला स्टुडिओ त्यांना मोकळ्या मनाने दाखविला. फाळक्यांनी विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र खरेदी केले, कच्च्या फिल्मची मागणी नोंदविली आणि एप्रिलच्या आरंभी ते परतले. ‘फाळके फिल्म्स’ ही कंपनी स्थापन झाली. कंपनी म्हणजे काय, तर दादरचे राहते घर.

आजच्या वाचकाला या घराची कल्पना यावी म्हणून थोडे विस्ताराने सांगते. विलायतेहून येणाऱ्या कच्च्या फिल्मच्या कडांना छिद्रे नसत. ती अंधाऱ्या खोलीत, स्पर्शाच्या अंदाजाने, यंत्रावर पाडावी लागत. एखादे छिद्र चुकले तर पडद्यावर चित्र उडे. हे काम सरस्वतीबाई करीत. दिवसा उन्हात चित्रण चाले. विजेचे दिवे नव्हते, म्हणून प्रकाश नटांच्या चेहऱ्यावर वळविण्यासाठी पांढऱ्या चादरी ताणून धराव्या लागत. त्या धरून सरस्वतीबाई तासन्‌तास उन्हात उभ्या राहत. कंपनीत साठसत्तर माणसे जेवत आणि त्या सर्वांचा स्वयंपाक त्यांच्याच देखरेखीखाली होई. रात्री मुले निजली की चित्रित झालेली फिल्म रसायनांत धुण्याचे काम सुरू होई. त्या काळातील मध्यमवर्गीय गृहिणीने हे सारे कोणत्याही शाळेत न जाता शिकून घेतले. फाळक्यांनी तारामतीची भूमिका करण्याविषयीही त्यांना विचारले होते. त्यांनी नकार दिला. मी पडद्यावर गेले तर ही बाकीची कामे कोण करणार, असा त्यांचा रास्त सवाल होता.

तारामतीचा प्रश्न मात्र सुटेना. वर्तमानपत्रात जाहिराती दिल्या, पण कुलीन स्त्रिया तर सोडाच, समाजाने बहिष्कृत केलेल्या स्त्रियाही कॅमेऱ्यासमोर यायला तयार होईनात. अखेर ग्रँट रोडवरच्या एका खाणावळीत काम करणारा अण्णा साळुंके हा नाजूक बोटांचा तरुण फाळक्यांच्या नजरेस पडला. थोडा अधिक पगार कबूल करून त्यांनी त्यालाच तारामती केले. हरिश्चंद्राची भूमिका दत्तात्रय दामोदर दाबके यांनी केली. रोहिदासासाठी फाळक्यांनी स्वतःचा मुलगा भालचंद्र उभा केला. कॅमेरा चालविण्याची जबाबदारी त्र्यंबक तेलंग या मित्राला शिकवून त्याच्यावर सोपविली. चित्रपटात काम करणे लोक कमीपणाचे मानीत, म्हणून फाळक्यांनी आपल्या माणसांना सांगून ठेवले होते की कोणी विचारले तर आपण हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत नोकरी करतो असे सांगावे.

सहा महिने आणि सत्तावीस दिवसांत ३,७०० फूट लांबीचा ‘राजा हरिश्चंद्र’ पूर्ण झाला. २१ एप्रिल १९१३ रोजी मुंबईच्या ऑलिंपिया थिएटरात तो निमंत्रितांना दाखविण्यात आला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रगृहात जनतेसाठी प्रदर्शित झाला. त्यापूर्वी सावेदादा भाटवडेकरांनी प्रत्यक्ष प्रसंगांची चलच्चित्रे घेतली होती आणि दादासाहेब तोरणे यांचा ‘पुंडलिक’ १९१२ मध्ये झळकला होता. त्यांच्या श्रमाचे मोल कमी नाही. परंतु ‘पुंडलिक’ हे मुख्यतः रंगमंचावरील नाटकाचे चित्रण होते आणि त्याचे कॅमेराकाम परक्या तंत्रज्ञाने केले होते. कथा, नेपथ्य, वेषभूषा, चित्रण, धुलाई, जोडणी आणि प्रदर्शन हे सारे ज्याने या भूमीवर, आपल्याच माणसांच्या हातांनी घडविले, असा पूर्ण लांबीचा पहिला कथापट म्हणून मान ‘राजा हरिश्चंद्र’कडे जातो.

या चित्रपटाचा सुरतेतील एक किस्सा गुजरातेतल्या आपणा सर्वांना आवडावा. पहिल्या दिवशी तेथे जेमतेम तीन रुपये जमले असे सांगतात. कित्येक तास चालणारी नाटके पाहणाऱ्या प्रेक्षकाला तासाभराचा खेळ महाग वाटला. फाळक्यांनी हार न मानता जाहिरात दिली, की अवघ्या तीन आण्यांत सत्तावन्न हजार छायाचित्रे आणि दोन मैल लांबीचे चित्र पाहायला मिळेल. गर्दी लोटली. एका फुटात सोळा चौकटी धरल्या तर सत्तावन्न हजारांचा आकडा जवळपास बसतो. दोन मैलांचा मात्र नाही, कारण ३,७०० फूट म्हणजे पाऊण मैलही होत नाही. गणिताच्या शिक्षकांनी त्यांना येथे अर्धेच गुण द्यावेत. जुना जादूगार अजून त्यांच्यात जागा होता, एवढेच म्हणायचे.

पहिल्या यशानंतर फाळक्यांनी आपला मुक्काम नाशिकला हलविला. ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये त्यांना अखेर स्त्री कलाकार लाभल्या. दुर्गाबाई कामत यांनी पार्वतीची आणि त्यांची कन्या कमलाबाई, म्हणजे पुढच्या कमलाबाई गोखले, यांनी मोहिनीची भूमिका केली. त्यानंतर ‘सत्यवान सावित्री’ आला. १९१४ साली हे तिन्ही चित्रपट घेऊन फाळके पुन्हा लंडनला गेले. तेथील जाणकारांनी त्यांच्या तांत्रिक करामतींचे कौतुक केले आणि हेपवर्थ यांनी तर इंग्लंडमध्येच राहून भारतीय चित्रपट काढण्याचा प्रस्ताव मांडला. सर्व खर्च त्यांचा, वर भरघोस पगार आणि नफ्यात वाटा. कर्जात बुडालेल्या माणसापुढे हे ताट वाढून आले होते. फाळक्यांनी ते नाकारले. हा धंदा आपल्या देशात रुजावा, हाच त्यांचा हेतू होता. परदेशी बसून तो साधला नसता.

या नकाराची किंमत लगेच चुकवावी लागली. पहिले महायुद्ध पेटले. सावकारांनी हात आखडता घेतला, फिल्मचा पुरवठा अडला, काम ठप्प झाले. कंपनीतील माणसांनी कमी पगारावर राहण्याची तयारी दाखविली. औंध व इंदूर या संस्थानांकडून काही मदत मिळाली. लोकमान्य टिळकांनीही त्यांच्या उद्योगाला धनिकांचा आधार मिळावा म्हणून खटपट केली, पण ती फळास आली नाही. या हलाखीतून १९१७ साली ‘लंकादहन’ बाहेर पडला. राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके यांनीच केल्या. पडद्यावर प्रभू रामचंद्र दिसताच प्रेक्षक पायांतील वहाणा काढून ठेवीत, असे सांगतात. मद्रासला तिकिटांची जमलेली नाणी बैलगाडीतून न्यावी लागली, ही आख्यायिका तर सर्वश्रुत आहे.

यश दिसताच पैसा चालत आला. १९१८ च्या आरंभी धनिक भागीदारांसह ‘हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी’ स्थापन झाली. आता भांडवलाची चिंता नव्हती. ‘श्रीकृष्णजन्म’ आणि ‘कालियामर्दन’ हे चित्रपट याच काळातले. त्यांत बालकृष्णाची भूमिका फाळक्यांची लहानगी कन्या मंदाकिनी हिने केली. कालियाशी झुंजणारी ती गोड मूर्ती सुदैवाने आजही पाहायला मिळते. परंतु लोणावळ्याच्या छापखान्याचीच कथा येथे पुन्हा घडली. खर्च किती करावा, चित्रपट किती दिवसांत संपवावा, कोणाला कामावर ठेवावे, यांवरून भागीदारांशी खटके उडू लागले. फाळके स्वभावाने तापट होते आणि हिशेबाच्या बाबतीत काटेकोर नव्हते. एखादे दृश्य मनासारखे उतरेपर्यंत त्यांना खर्चाचे भान राहत नसे. भागीदारांचीही बाजू असणार, हे मान्य केले पाहिजे. पण तडजोड करण्यापेक्षा सोडून जाणे त्यांनी पसंत केले आणि कुटुंबासह ते काशीस निघून गेले.

गंगातीरी त्यांनी ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले. मराठी रंगभूमीच्या तत्कालीन स्थितीवर त्यात टीका होती. इकडे महाराष्ट्रात त्यांच्या निवृत्तीने हळहळ व्यक्त होत होती. ‘संदेश’कार अच्युतराव कोल्हटकरांनी त्यांना परत येण्याची गळ घातली. चित्रपटसृष्टीपुरते आपण मेलो आहोत अशा आशयाचे उत्तर फाळक्यांनी धाडले, ते छापून आले आणि वाचकांच्या विनवण्यांचा पाऊस पडला. १९२२ मध्ये ते हिंदुस्थान कंपनीत परतले खरे, पण मालकी आता त्यांची नव्हती. पुन्हा मतभेद झाले, पुन्हा ते बाहेर पडले. पुढे ‘फाळके डायमंड कंपनी’ काढून त्यांनी ‘सेतुबंधन’ हाती घेतला. नाव हिऱ्याचे होते, पण पैसा मध्येच संपला. चित्रपट पूर्ण होऊन १९३२ साली लोकांसमोर येईपर्यंत काळ बदलला होता. मार्च १९३१ मध्ये अर्देशीर इराणी यांचा ‘आलम आरा’ आला होता आणि पडदा बोलू लागला होता. मूकपट कोणाला नको होता. ‘सेतुबंधन’ला मागाहून आवाज जोडावा लागला.

साठी उलटलेल्या फाळक्यांनी एक अखेरचा डाव मांडला. कोल्हापूर सिनेटोनसाठी त्यांनी ‘गंगावतरण’ हा बोलपट दिग्दर्शित केला. तो १९३७ साली प्रदर्शित झाला. दृश्यचमत्कारांत त्यांचा हात अजून चालत होता, पण बोलपटाची भाषा त्यांची नव्हती. त्यानंतर ते नाशिकला स्थिरावले. १९३९ मध्ये भारतीय चित्रपटसृष्टीचा रौप्यमहोत्सव थाटात साजरा झाला. ज्याने ही सृष्टी निर्माण केली, त्या वृद्धापाशी स्वतःचे म्हणावे असे घर नव्हते. व्ही. शांताराम यांच्या पुढाकाराने निधी जमवून, प्रभात कंपनीने भर घालून, नाशिकला त्यांच्यासाठी छोटेखानी घर बांधण्यात आले. तरीही त्यांचे मन नव्या चित्रपटाचे बेत रचीतच होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात चित्रनिर्मितीसाठी सरकारी परवाना लागत असे. त्यांनी तो मागितला. तो नाकारला गेला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्या नावावर ९५ चित्रपट व २६ लघुपट सामान्यतः सांगितले जातात. त्यांपैकी बहुतेक नष्ट झाले. त्या काळची फिल्म चटकन पेट घेणारी आणि काळाबरोबर विरघळून जाणारी असे. ‘राजा हरिश्चंद्र’चेही काही भाग तेवढे पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जतन झाले आहेत. १९६९ पासून भारत सरकार त्यांच्या नावाने चित्रपटक्षेत्रातील सर्वोच्च पुरस्कार देते. पहिला मान देविकाराणी यांना मिळाला. १९७१ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट निघाले. मुंबईच्या गोरेगावातील चित्रनगरीला त्यांचे नाव आहे. हयातीत ज्यांच्याकडे पाठ फिरवली, त्यांच्या नावाने दारे उभारण्याची आपली रीत जुनीच आहे.

हे चरित्र वाचताना मला एक गोष्ट पुनःपुन्हा जाणवली. चित्रकला, मूर्तिकाम, छायाचित्रण, ठसे, नाटकाचे पडदे, जादू, पुरातत्त्वातील आरेखन, रंगीत छपाई. चाळिशीपर्यंत फाळक्यांनी धरलेले आणि सोडलेले हे उद्योग. तेव्हा कोणी त्यांचा ताळेबंद मांडला असता, तर भाराभर चिंध्या असाच शेरा मिळाला असता. पण चित्रपटाला नेमके हेच सारे लागत होते. पडदा रंगवायला ते दुसऱ्यावर अवलंबून नव्हते, कॅमेऱ्यासाठी नव्हते, रसायनांसाठी नव्हते, देवाला अंतर्धान पावविण्याच्या युक्तीसाठी नव्हते. पैसा त्यांच्यापाशी कधीच नव्हता. जोवर हातचे कसब आणि घरची माणसे हेच भांडवल होते, तोवर ते स्वतंत्र निर्माते राहिले. परक्याचे भांडवल आले आणि त्यांचे स्वातंत्र्य उणावत गेले.

मात्र याची दुसरी बाजू सांगितल्यावाचून हे चरित्र पुरे होत नाही. या स्वातंत्र्याचे मोल फाळक्यांनी एकट्याने चुकविले नाही. अंधाऱ्या खोलीत फिल्मला छिद्रे पाडणाऱ्या सरस्वतीबाईंनी ते चुकविले, कमी पगारावर राहिलेल्या माणसांनी चुकविले, कधी भरल्या तर कधी रिकाम्या घरात वाढलेल्या मुलांनी चुकविले. ध्येयवेड्या माणसाचे कौतुक करताना त्याच्या घराकडेही पाहावे, एवढे तरी आपण शिकलो पाहिजे.

त्या पालकांना मी अजून उत्तर दिलेले नाही. प्रत्येक भटकणारा मुलगा फाळके होतो, असे आश्वासन कोणतीही शाळा देऊ शकत नाही आणि मीही देणार नाही. परंतु धरसोड करणाऱ्या मुलाकडे पाहताना त्याने काय सोडले एवढेच न मोजता, प्रत्येक ठिकाणाहून तो हातात काय घेऊन निघाला तेही पाहावे, असे मी त्यांना जरूर सांगेन. तो काहीच न घेता निघाला असेल, तर त्याला थांबवावे. काही घेऊन निघाला असेल, तर प्रा. गज्जरांसारखी एखादी खोली त्याला उघडून द्यावी. आणि त्या मुलालाही सांगेन, की तुझ्यासाठी घरात जो कोणी चादर धरून उन्हात उभा आहे, त्याला विसरू नकोस.

आपल्या शाळेला साठ वर्षे झाली. या वर्षांत येथून बाहेर पडलेल्या कित्येक मुलामुलींनी सरळ वाट धरली, कित्येकांनी आडवाट. त्या सर्वांना या निमित्ताने शाळेचे दार उघडे आहे.

— मुख्याध्यापिका